खाणवाल्यांचा पैसा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि बंद पडलेलं वॉटर एटीएम

माळावरचा

राम राम मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायलाच बसलो कारण आठवडाभर डोक्यात हेच चाललंय.

आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला, नाव मुद्दाम देत नाही, नगर रोडनं आत वळलं की अर्धा खाल्लेला डोंगर दिसतो ना, तो पट्टा समजा. सात-आठ दगडखाणी, तेवढेच क्रशर. बहुतेक भागीदारीतले लोक, पण एक खाण मोठ्या रस्ते कंपनीची आहे, लिमिटेड कंपनी आणि नफाही तेवढा मोठा, म्हणजे तिला सीएसआर (नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजकामावर खर्च करायचं बंधन) लागू. तर मागच्या ग्रामसभेत कंपनीचा माणूस आला, गोड बोलला, "गावासाठी काय करायचं ते सांगा, आम्ही आणि ग्रामपंचायत मिळून करू". लगेच यादी आली: वेशीवर कमान, मंदिरापुढं सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम. टाळ्या पण झाल्या.

आणि ज्या चौकात ही यादी वाचली तिथून हाकेच्या अंतरावर याच कंपनीनं दिलेलं वॉटर एटीएम बंद पडलंय. पाच रुपयाचं नाणं टाका, वीस लिटर आरओचं पाणी घ्या. सुरुवातीला झकास चाललं, बाया रांगा लावायच्या. मग लाईटचं मीटर कमर्शियल निघालं, बिल वाढलं, पंचायत म्हणाली मशीन कंपनीचं, कंपनी म्हणाली आम्ही हस्तांतर केलंय. मग मेम्ब्रेन (आरओतला पाणी गाळणारा पडदा) गेली. बदलायची कोणी, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आता नाण्याच्या फटीत पोरांनी च्युइंगम कोंबलंय, आणि कंपनीच्या नावाचा बोर्ड मात्र मशीनपेक्षा मोठा आणि अजून चकचकीत.

तर प्रश्न असा, की खाणवाले आणि पंचायत खरोखर एकत्र येऊन नीट काम झालंय असं कुणी पाहिलंय का? करारात काय काय लिहून घ्यावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी गावाचा आराखडा, मग कंपनीची पिशवी. पिशवी आधी उघडली की सगळ्यांना कमानच दिसते.

---

माजी_ग्रामसेवक

चांगला विषय काढलात. मी निवृत्त आहे त्यामुळं मोकळेपणानं बोलतो.

आधी दोन पैसे वेगळे करा, लोक कायम गल्लत करतात. सीएसआर हा कंपनीचा स्वतःचा पैसा, कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, ज्याला सगळे डीएमएफ म्हणतात. २०१५ ला खाण कायद्यात दुरुस्ती होऊन हे आलं, आणि हे ऐच्छिक नाही, खाणधारकाला भरावंच लागतं. मोठ्या खनिजाला २०१५ च्या दुरुस्तीआधीचा पट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, ३० टक्के, नंतरचा लिलावाचा असेल तर १० टक्के. आपल्याकडचा दगड, मुरूम हे गौण खनिज, त्याला महाराष्ट्रात १० टक्के.

आता हिशोब बघा. दगडाची रॉयल्टी २०२१ साली ब्रासला (म्हणजे शंभर घनफुटाला) ४०० वरून ६०० झाली. म्हणजे दर ब्रासमागं ६० रुपये डीएमएफला. एका हायवात (मोठ्या डंपरात) समजा ५ ब्रास माल गेला तर ३०० रुपये. तुमच्या पट्ट्यातून दिवसाला समजा शंभर गाड्या पावतीवर निघतात, तर रोजचे ३० हजार झाले, वर्षाचे ३०० दिवस धरले तरी ९० लाख. "पावतीवर" हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, समजणाऱ्यानं समजावं.

हा पैसा तुमच्या पंचायतीच्या खात्यात येत नाही, जिल्ह्याला जमा होतो, आणि प्रस्ताव पाठवला तरच परत येण्याची शक्यता. आमच्या काळात निम्म्या सरपंचांना हे खातं आहे हेच माहीत नव्हतं, सगळे आमदार निधीच्या मागं.

---

खडीवाला_दुसरी_पिढी

माळावरचा दादा, मी त्या धंद्यातलाच आहे त्यामुळं शिव्या खायच्या तयारीनं लिहितोय.

रॉयल्टी भरतो, डीएमएफ भरतो, पर्यावरण परवानगी, प्रदूषण मंडळाची संमती, महाखनिज ह्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक गाडीचा पास, गाडीला जीपीएस, वर खाणीची ईटीएस मशीननं मोजणी होते आणि जरा जास्त खोदलेलं निघालं की महसूल संहितेच्या ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड. हे सगळं सरकारचं. आता गावाचं ऐका. गणपतीची वर्गणी, तीही एका गावात चार मंडळं, जत्रेतल्या कुस्त्यांचं पहिलं इनाम, सप्त्याची एक पंगत, क्रिकेट टूर्नामेंटचा चषक, दहीहंडी, वाढदिवसाचे फ्लेक्स. खोटं वाटेल पण वर्षाकाठी हा आकडा डीएमएफच्या जवळपास जातो माझा, आणि ह्याची पावती कुणी देत नाही.

मी स्वतः दोनदा सांगितलं सरपंचांना की हे सगळं बंद करा, एकदाच काय ते पंचायतीच्या खात्यात चेकनं घ्या, त्यातून शाळा करा रस्ता करा. हसले आणि म्हणाले मग मंडळाची पोरं आम्हाला मतं देतील का. आता बोला.

---

सोसायटी_नं_४

खडीवाले साहेब वर्गणीचं दुःख समजलं पण धुळीचं काय? मी वाघोलीत राहतो. बाल्कनीत कपडे वाळत घातले की परत धुवायचे, आईला दमा. क्रशरला पत्र्याचं आवरण हवं, बेल्टवर पाण्याचे फवारे हवेत, रस्ता ओला ठेवायचा, डंपरवर ताडपत्री, एवढं साधं आहे. दिवसा फवारे चालू आणि रात्री बंद, कारण रात्री तपासायला कोण येतंय.

आणि स्थानिक स्वराज्य संस्था म्हणाल तर आमची गंमत वेगळीच. २०२१ ला २३ गावांबरोबर आम्ही पुणे महापालिकेत गेलो. ग्रामपंचायत संपली, ग्रामसभा संपली. पुढच्या वर्षी महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. सरपंचाच्या दारात जाऊन भांडता तरी येत होतं, आता ॲपवर तक्रार टाकायची आणि "निराकरण झाले" असा मेसेज यायची वाट बघायची.

---

मीनल_कोथरूड

मी काही वर्षं एका कंपनीच्या सीएसआर विभागात होते (खाण नाही, दुसरं क्षेत्र), त्यामुळं पलीकडची बाजू सांगते.

कमान आणि वॉटर एटीएमच का होतं ह्याचं उत्तर मार्च महिन्यात आहे. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचेच असतात. २०२१ च्या नियमांनंतर खर्च न झालेला पैसा असाच ठेवता येत नाही. चालू प्रकल्प असेल तर वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत संपवायचा, नसेल तर सरकारी निधीत भरायचा. मग डिसेंबरपर्यंत फायली झोपलेल्या असतात आणि जानेवारीत वरून फोन की काहीतरी दाखवता येईल असं करा. मशीन लवकर विकत घेता येतं, फोटो चांगला येतो, बिल एकाच माणसाचं असतं. त्याउलट गावातल्या पाण्याच्या टाकीची पाइपलाइन म्हटली की पंचायतीचा ठराव, झेडपीच्या पाणीपुरवठ्याची तांत्रिक मंजुरी, कुणाच्या तरी बांधावरून पाइप जाणार तो अडवणार. मार्चच्या आत होत नाही, मग नकोच.

दुसरं, वरच्या सोसायटीवाल्या दादांसाठी. फवारे, ताडपत्री, रस्त्यावर पाणी मारणं हे सीएसआर नाही! कंपनीनं आपला धंदा चालवताना करायचंच असतं ते, नेहमीच्या कामकाजाचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. गावात टँकरनं रस्त्यावर पाणी मारलं आणि त्याचा समाजसेवा म्हणून बोर्ड लावला तर तो बोर्ड काढायला लावा.

माळावरच्या दादा, तुमच्या करारात माझ्या मते सगळ्यात आधी हे हवं: हस्तांतरानंतर पाच वर्षं वीजबिल कुणी भरायचं, मीटर कुठल्या प्रकारचं, देखभालीचा माणूस कोण, त्याचा पगार कुणाकडून. मशीनची किंमत सगळे लिहितात, फिल्टर बदलायची किंमत कुणी लिहीत नाही. आणि पाच रुपयाच्या नाण्यांची पेटी कुणाकडं जायची तेही लिहा, भांडणं तिथूनच सुरू होतात.

---

माळावरचा

मीनलताई, नाण्यांची पेटी! अगदी नेमकं बोट ठेवलंत. आमच्याकडं ती पेटी कुणी उघडायची ह्यावरून दोन सदस्य वर्षभर बोलत नव्हते.

ग्रामसेवक काका, प्रस्ताव पाठवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि डीएमएफमधून कमान बसते का? (कुणीतरी विचारणारच आहे.)

---

माजी_ग्रामसेवक

कमान बसवायला लोक काहीही बसवतात, पण बसू नये. केंद्राची प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना सप्टेंबर २०१५ ची. त्यात निदान ६० टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, महिला-बालकल्याण, कौशल्य, स्वच्छता ह्यावरच, उरलेला रस्ते, सिंचन वगैरेवर. जानेवारी २०२४ च्या सुधारित सूचनांत हे ६० चं ७० झालं. आणि तेवढाच ७० टक्के पैसा प्रत्यक्ष बाधित भागात गेला पाहिजे, म्हणजे खाणीपासून १५ किलोमीटरच्या आत, त्यापुढं २५ पर्यंत अप्रत्यक्ष बाधित. तुम्ही तर खाणीच्या उंबऱ्यातच राहता.

करायचं काय, तर आपला ग्रामपंचायत विकास आराखडा असतो ना, दरवर्षी ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर चढवतात तो. ऑपरेटर मागच्या वर्षीचा उचलून तारखा बदलतो हे मला माहीत आहे, मी साहेब होतो. ह्या वर्षी तसं होऊ देऊ नका. ग्रामसभेत खाणीमुळं झालेलं नुकसान वेगळं लिहून घ्या, ब्लास्टिंगनं तडे गेलेली शाळेची भिंत, आटलेल्या विहिरी, दम्याचे पेशंट, उखडलेला रस्ता. एकेका कामाला अंदाजपत्रक जोडा. तोच कागद जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडं आणि तोच कागद कंपनीकडं. दोघांना एकच यादी, ज्याला जे झेपेल ते त्यानं उचलायचं, म्हणजे एकाच गटारीचं बिल दोन ठिकाणी लागत नाही.

आणि तुमच्या जिल्ह्यातलंच सांगतो, आंबेगाव-जुन्नरच्या पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांत तर ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय हा आराखडा पुढं सरकूच शकत नाही. आपल्याकडं ती सक्ती नाही, पण ठराव करायला कुणी अडवलेलं पण नाही.

---

चांद्याचा_राजू

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या हिंजवडीत मजुरी (कीबोर्डवर). तुम्हा पुण्याच्या लोकांना ९० लाख म्हणजे खूप वाटते. आमच्याकडं कोळसा, सिमेंटचा चुनखडी दगड, तिकडं गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड. तिथं डीएमएफचा पैसा कोटींत मोजतात न भाऊ.

पण पैसा जास्त म्हणून सुख आहे असं समजू नका. पैसा जिथं जमा होते तिथं माणसं जमतात, आणि गाव राहते लांब. ज्या गावाच्या डोक्यावर ओव्हरबर्डनचा (खाणीतून उपसलेल्या माती-दगडाचा) ढिगारा आहे तिथं टँकर, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चकाचक इमारत, असं मी डोळ्यानं पाहिलंय. इमारत वाईट नाही, पण धूळ खाणाऱ्याला तिचा काय उपयोग. ते ७० टक्क्याचं बंधन उगाच नाही आलं, देशभर हीच रड होती म्हणून आलं.

---

देशोदेशीचा_मायनिंगवाला

पुण्यात घर आहे, नोकरी खाणींमागं फिरवते. दोन-तीन गोष्टी टाकतो, कदाचित उपयोगी पडतील.

पेरूमध्ये (खायचा नव्हे) कॅनन मिनेरो नावाची व्यवस्था आहे, खाण कंपन्या जो आयकर भरतात त्यातला ५० टक्के परत त्या त्या भागातल्या प्रांत आणि नगरपालिकांना. ऐकायला स्वप्नच. पण छोट्या छोट्या नगरपालिकांकडं एकदम एवढा पैसा आला की इंजिनिअर नाही, टेंडर काढायला माणूस नाही, मग काही पैसा पडून आणि काही पुतळे-चौक-स्टेडियममध्ये. म्हणजे कमानीचा रोग तिकडंही आहे.

घानात अहाफो नावाची सोन्याची खाण आहे, न्यूमाँटची. तिथं २००८ मध्ये कंपनी आणि आसपासच्या गावांनी करार करून फाउंडेशन काढलं, विकलेल्या प्रत्येक औंसामागं एक डॉलर आणि करपूर्व निव्वळ नफ्याच्या एक टक्का त्यात जातो. मला त्यातलं काय आवडलं तर सूत्र आधी ठरलं. कंपनीच्या माणसाच्या मूडवर नाही, जत्रेच्या इनामासारखं दरवर्षी नव्यानं मागायचं नाही.

आणि दक्षिण आफ्रिकेत तर खाणीचा हक्क मिळवतानाच सामाजिक आराखडा द्यावा लागतो, पाच वर्षांचा, आणि तो तिथल्या नगरपालिकेच्या विकास आराखड्याशी जुळला पाहिजे असं कायद्यानंच अपेक्षित आहे. अंमलबजावणीत तिथंही भरपूर बोंब आहे, पण ग्रामसेवक काका म्हणतात ती "एकच यादी" तिथं पहिल्या दिवसापासून मागतात. आपल्याकडं पट्टा आधी देतात आणि यादी जत्रेच्या वेळी.

---

पाषाणबाई

सगळं वाचलं. एक विचारू का, ह्या अख्ख्या धाग्यात दगड फोडणाऱ्यांचं नाव कुणी घेतलं का?

मी खाणीवरच्या मुलांना शिकवलंय. वडार समाजाची कुटुंबं, मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली, आता ओडिशा-बिहारचीही. खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोल्या, लाईट क्रशरवरून आकडा टाकून, पाणी खाणीतल्या डबक्याचं. वाघोलीच्या बाजूला संतुलन संस्थेनं पाषाण शाळा सुरू केल्या त्या ह्याच मुलांसाठी, कारण गावातली शाळा लांब आणि मधे डंपरचा रस्ता. माझ्या वर्गातली एक मुलगी खडीच्या साइजवरून गणित शिकली. वीस एमएम, दहा एमएम, ग्रिट, डस्ट असं तिनं उतरत्या क्रमात मला लावून दाखवलं होतं, आणि पुस्तकातले सफरचंद मोजायला मात्र कंटाळायची.

आता मुद्दा. माळावरचे दादा म्हणतात आधी गावाचा आराखडा. पण ग्रामसभेत बसतात मतदार. ही माणसं तिथं मतदार नाहीत, काहींची तर रेशनकार्डं गावाकडं. मग तुमच्या आराखड्यात मंदिराचा सभामंडप नसेलही, शाळेची भिंत असेल, पण खाणीवरच्या वस्तीला नळ येईल का? सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच छातीत जाते. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठतं, पोरं पोहायला उतरतात, दरवर्षी कुठून ना कुठून बातमी येतेच. कुंपण घालायला किती पैसे लागतात हो?

---

खडीवाला_दुसरी_पिढी

बाई, कुंपण घातलं होतं, तार चोरीला गेली. पण तुमचं म्हणणं खरं आहे, ते कारण होत नाही. दगडाचे मोठे ठोकळे लावून बंद करता येतं, माल तर आमच्याकडं फुकटच पडलेला असतो.

पण एक बोलू द्या, खाणीतलं पाणी नुसतं संकट नाही. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर टँकरवाले भरतात आणि बांधकामाला विकतात. ते पाणी पंचायतीनं ताब्यात घेतलं, तपासलं, गुरांना आणि वापराला दिलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? आमची एक खाण संपत आलीय, मी द्यायला तयार आहे, जमिनीचा मालक दुसरा आहे तेवढं बघावं लागेल.

---

बेसमेंट_वाला

जरा अवांतर. पुण्यात गौण खनिजाची चर्चा म्हणजे फक्त खाणी नाहीत, प्रत्येक इमारतीचा खड्डा पण त्यात येतो. बिल्डर लोक ह्यावर सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१४ ला निकाल आला की खोदलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर सरसकट रॉयल्टी लावता येणार नाही, वापर बघावा लागेल. बाहेर नेली की विषय वेगळा. म्हणजे कोथरूड-बाणेरच्या खड्ड्यातला मुरूम बाहेर जाताना जी रॉयल्टी भरतो, ती पण ह्याच खनिकर्म विभागाकडं. चालू द्या.

---

सोसायटी_नं_४

अवांतर म्हणता पण मुद्द्याचं आहे. आमची बिल्डिंग ज्या खडीची तीच धूळ आम्ही खातोय. खाणी बंद करा म्हणणारे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज असतात, आणि तेच लोक दुसऱ्या फेजचं बुकिंग करून बसलेत.

---

माळावरचा

पाषाणबाई, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. आराखडा आधी हे मी सोडत नाही, कारण त्याशिवाय कंपनीच्या माणसापुढं गाव हात पसरूनच उभं राहतं. पण आराखडा म्हणजे मतदार यादी नाही हे बरोबर. आमच्या खाणीवर पण अशी वस्ती आहे, आम्ही तिला "कामगारांची लाइन" म्हणतो आणि तिथं कुणी जात नाही.

काल चार जण बसलो, मसुदा असा झालाय. नाणी टाकायचं मशीन काढून त्याच आरओला साधा नळ, मीटर पंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या नावावर, मेम्ब्रेनचा खर्च पाच वर्षं कंपनीचा, लाइनपर्यंत एक फाटा पाइपचा. शाळेच्या भिंतीचा आणि आरोग्य उपकेंद्राचा प्रस्ताव डीएमएफला. कंपनीचा बोर्ड चालेल, पण मशीनपेक्षा लहान. कमान ह्या यादीत नाही, त्यामुळं उद्यापासून अर्धं गाव आमच्याशी बोलणार नाही. सरपंच म्हणाले सभामंडप तरी ठेवा, मी म्हणलं तो लोकवर्गणीतून करू, खाणवाल्याकडून घेतला तर उद्या ब्लास्टिंगची तक्रार कुठल्या तोंडानं करणार.

काका, आपल्या पट्ट्यातून डीएमएफला किती जमा झाले आणि त्यातले किती कुठल्या गावाला गेले, हे माहिती अधिकारात मिळेल ना?

---

माजी_ग्रामसेवक

का नाही मिळणार. दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, जन माहिती अधिकारी, जिल्हा खनिकर्म कार्यालय. सगळं मागू नका, "सर्व कागदपत्रे" लिहिलं की हजार पानांचं झेरॉक्स बिल लावतात. तालुकानिहाय जमा, मंजूर कामांची यादी, कामाचं गाव आणि रक्कम, शेवटच्या तीन वर्षांचं, एवढंच. लेखापरीक्षण अहवाल वेगळ्या अर्जात. अर्ज तुम्ही नावानं करा, पंचायतीच्या नावानं नको, माहिती नागरिक म्हणून मागायची असते.

---

मीनल_कोथरूड

मसुदा छान आहे. फक्त कंपनीकडं नोव्हेंबरच्या आत द्या, मार्चवाल्या फायलीत अडकू नका. आणि लाइनच्या पाइपला "खाण कामगार वस्ती" असंच नाव द्या, "इतर" मध्ये टाकलं की पहिल्या कपातीत तेच जातं.

---

खडीवाला_दुसरी_पिढी

पाइपचा चर खोदायला जेसीबी माझा घ्या, डिझेल पण माझं. पण अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर द्या, जावक क्रमांक टाकून. मंडळाच्या लेटरहेडवर आला तर मी देणार नाही, आधीच सांगतो.